आजाचा टोप

23 सप्टेंबर 1803. दुपार कलायला लागली आहे. तू भोकरदनच्या बाजूला, केळणेच्या काठी घोड्यावर आहेस आणि टोपाखाली डोकं शिजतंय. शिलेदार तू, घोडा तुझा, हत्यार तुझं, टोप आजानं दिलेला. लोखंडी वाटी, कपाळावर खालीवर सरकणारी नाकपट्टी, कानामानेवर बारीक कड्यांची झिलम. आतलं कापसाचं अस्तर घामानं कडक झालंय. पुढच्या कडेला घरून निघताना लावलेला भंडारा. कानांवर कड्या, म्हणून हुकूम अर्धाच ऐकू येतो.

"उतरवू नकोस रे," शेजारचे काका म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला मात्र पागोटं. तेही खुळे नाहीत; घट्ट वेढ्यांत तलवार अडकते.

तिकडे इंग्लंडात, यॉर्कला, 1982 साली जमिनीतून एक टोप निघणार आहे, तुझ्याहून हजार वर्षांनी जुना. त्यालाही नाकपट्टी, त्यालाही मानेवर कड्यांचा पडदा. भंडाऱ्याच्या जागी पितळी पट्टीवर लॅटिन प्रार्थना आणि ओशेरे हे नाव. वार वरून येणार म्हटल्यावर लोहार कुठलाही असो, टोप असाच घडवणार.

पण आज येतंय ते वेगळंच. पिंपळगाव आणि वरुड नदीच्या दोन काठांना समोरासमोर दिसले, तेवढ्यावरून इंग्रज सेनापती वेलस्लीनं मधे उतार असणार हे ताडलं. उतार ओलांडताना त्याच्या जवळच्या स्वाराचं डोकंच तोफेच्या गोळ्यानं उडालं. तिथे कसला टोप!

शिंद्यांच्या चाकरीतल्या पोहलमननं त्यांच्या कवायती पलटणी वळवून केळणा आणि जुईच्या मधे उभ्या केल्यात. खरी लढाई तिथे. गोलंदाज मेल्यासारखे पडून राहतात. इंग्रज पुढे सरकले की उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागतात. असई गावाजवळ आपली काही पथकं इंग्रजांच्या 74व्या पलटणीवर तुटून पडतात. तुझं पथक त्यात नाही. शिंदे-भोसल्यांचं बहुतेक घोडदळ लांबून बघत राहतं, आणि का, ते तुला कोणी सांगत नाही.

संध्याकाळी नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती. त्यांचेही मेले-जखमी मिळून दीड हजारांवर. तुमच्या पथकाला परतायचा हुकूम होतो. टोपावर एक चरा नाही, आणि घरी आजा आधी तेच बघणार.