म्हातारपणची ठेव आणि अमेरिकेंतील प्राप्तिकर

ज्या द्रव्यावरील कर सरकार सोडून देतें, त्या द्रव्याच्या व्यवहारांत बोलण्याचा अधिकारहि त्यास प्राप्त होतो. अमेरिकेंतील नोकरांच्या पेन्शन-निधींचा इतिहास हें ह्या गोष्टीचें ठळक उदाहरण होय. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. परंतु मनुष्याच्या आयुष्यभराच्या श्रमाचें फळ अखेर कोणाच्या हातीं राहावें, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

अमेरिकेंत खाजगी पेन्शनची चाल १८७५ सालीं अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें पाडली, असें मानतात. त्या काळीं पेन्शन म्हणजे धन्याची मेहेरबानी. नोकराचा तीवर हक्क असा नसे. पुढें १९१३ सालीं घटनादुरुस्ती होऊन प्राप्तीवरील कर कायमचा झाला, आणि एक पेंच उत्पन्न झाला. मालकानें विश्वस्तांच्या हवालीं केलेल्या निधीचें उत्पन्न कोणाचें? मालकाचें म्हणावें, तर त्यानें तें दुसऱ्यासाठीं काढून ठेवलेलें. नोकराचें म्हणावें, तर त्याच्या हातीं एक छदामहि आलेला नाहीं! १९२१ च्या कायद्यानें नफावांटणीच्या निधींस व १९२६ च्या कायद्यानें पेन्शनच्या निधींस करमुक्त करून हा पेंच सोडविला.

ही सवलत तिहेरी आहे. मालकाची वर्गणी धंद्याच्या खर्चांत वजा होते. निधीच्या व्याजावर कर बसत नाहीं. आणि नोकरावर कर बसतो तो पैसा प्रत्यक्ष त्याच्या पदरांत पडेल तेव्हांच. वरवर पाहतां कर केवळ लांबणीवर पडतो. परंतु मधल्या काळांत करापायीं गेली असती ती रक्कमहि व्याज मिळवीत राहते, व उतारवयांत उत्पन्न घटल्यामुळें कराचा दरहि बहुधा हलका लागतो.

जेथें सवलत, तेथें पळवाट. भरभराटीच्या वर्षीं निधींत पैसा टाकून कर वांचवावा व अडचणीच्या वर्षीं तोच परत काढावा, अशी सोय कांहीं मालकांनीं ठेविली होती. १९३८ च्या कायद्यानें ती वाट बंद केली: नोकरांचें सर्व देणें फिटेपर्यंत निधींतील पैसा दुसऱ्या कामीं लावतां येऊं नये, अशी अट आली. दुसरी पळवाट वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरतेच निधि काढण्याची. महायुद्धांत जादा नफ्यावरील कर नव्वद टक्क्यांवर गेला. म्हणजे निधींत टाकलेल्या डॉलरपैकीं कंपनीच्या खिशांतले फार तर दहा सेंट जात. त्यांत सरकारनें पगारवाढ रोखून धरली, पण वाजवी पेन्शनला मोकळीक ठेविली. साहजिकच निधींचें पीक आलें. मात्र १९४२ च्याच करकायद्यानें बजावलें कीं, वरिष्ठांस झुकतें माप देणाऱ्या निधीस माफी नाहीं.

एवढें करूनहि एक गोष्ट राहून गेली. निधि कोणाचा हें कायद्यानें पाहिलें. तो पुरेसा भरला आहे कीं नाहीं, हें पुरतेपणीं पाहिलें नाहीं. १८५२ सालीं गाड्यांचा धंदा सुरू करणाऱ्या स्टुडबेकर कंपनीनें डिसेंबर १९६३ मध्यें साउथ बेंड येथील मोटारींचा कारखाना बंद केला. पेन्शनर व साठी गांठलेले मिळून सुमारें ३,६०० लोकांस पूर्ण पेन्शन मिळालें. त्याखालील वयाच्या, हक्क मिळविलेल्या सुमारें ४,००० कामगारांस हक्काच्या रकमेपैकीं शेंकडा पंधराच हातीं आले, आणि बाकीच्या सुमारें २,९०० लोकांस कांहींच नाहीं. पैसा कोणी चोरला नव्हता. तो पुरेसा जमलाच नव्हता. अध्यक्ष फोर्ड यांनीं २ सप्टेंबर १९७४ रोजीं सही केलेल्या कायद्यानें निधि भरण्याचे नियम, ठराविक नोकरीनंतर अढळ होणारा हक्क आणि बुडालेल्या पेन्शनचा विमा, हीं तिन्हीं आलीं.

आमच्याकडेहि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या चौथ्या परिशिष्टांत प्रॉव्हिडंट फंड, निवृत्तिनिधि व ग्रॅच्युइटी यांच्या मान्यतेच्या अटी ह्याच धोरणानें घातल्या गेल्या. ह्या सवलतीवर एक आक्षेप मात्र उरतोच: ज्याचा कराचा दर मोठा, त्याचा लाभहि मोठा, आणि ज्यास कर भरण्याइतकी मिळकत नाहीं, त्याला ह्या माफीचें काय सुख? तरी करमाफीच्या मोबदल्यांत धन्याची मेहेरबानी पायरीपायरीनें नोकराचा हक्क झाली, हें खरें. हक्काचें मोल मात्र निधि भरलेला असेल तरच. नाहीं तर तो कागदावरच राहतो, हा साउथ बेंडच्या कामगारांनीं दिलेला धडा विसरण्याजोगा नाहीं.