वड्याचं साल

आखाजीला आमचं घर भरतं. कामासाठी बाहेर गेलेली पोरं त्या दोन दिवसांसाठी गावी येतात. बायको बटाटेवडे करायला बसते आणि तिथूनच भांडण सुरू होतं. थोरला सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. तो म्हणतो, सारणात थोडी साखर घाल, लिंबू पिळ. धाकटा पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या कामावर असतो आणि नाशकात राहतो. त्याला उलटा वडापाव पाहिजे, म्हणजे भाजी पावात भरायची आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळायचा. पुतण्या सहा वर्षं नागपूरकडं आश्रमशाळेवर मास्तर होता. तो वड्याला आलूबोंडा म्हणतो आणि वरून ओतायला तर्री मागतो. बायको वैतागून म्हणते, "एका घरात तीन हॉटेलं कुठून आणू?"

माझी आई पंच्याऐंशीच्या पुढं आहे. ती काही मागत नाही. वडा हातात घेते, त्याचं वरचं बेसनाचं साल सोलून बाजूला ठेवते आणि आतला बटाटा तेवढा खाते. मला वाटायचं, दात नाहीत म्हणून.

या भांडणाचा मी पुष्कळ विचार केला. एकाच आईबापाची पोरं, एकाच चुलीवर वाढलेली, आणि एका बटाट्यावर त्यांचं एकमत होत नाही. चवी एवढ्या लांब कशा गेल्या?

मी लहान होतो तेव्हा आमच्या घरी बटाटा नव्हता. होता तो कंद. सुरगाण्याच्या डोंगरात पाऊस धो धो पडतो, आणि नार, पार, अंबिका या नद्या ते पाणी घेऊन खाली गुजरातेत उतरतात. आमच्या उतारावर नागली, वरई, थोडा भात, उडीद आणि खुरासणी. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसायला लागायचा, तेव्हा जंगलातला कंद कामाला यायचा. त्यातला कडूकंद तसाच खाता येत नाही, खाल्ला तर माणूस आजारी पडतो. आई त्याच्या पातळ चकत्या करायची, चुलीतली राख घालून उकडायची, मग पाटीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. सकाळी एक चकती जिभेवर ठेवून बघायची. कडू लागली तर पाटी परत पाण्यात. हे शहाणपण कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. ज्यानं पहिल्यांदा हे शोधलं, त्याच्या आधी किती जणांचं पोट बिघडलं असेल देव जाणे.

कंद उकडून खायचा, भाजून खायचा. तळून खायचा हे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण तेल. खुरासणी आमच्या शेतात पिकायची, पण ती बाजारात जायची. मीठ, कपडा आणि उधारी त्यातूनच भागायची. घरासाठी थोडं तेल घाण्यावरून यायचं, ते बाटलीत. त्यातलं बोटभर तेल बाच्या भाकरीवरच्या चटणीवर पडायचं, कारण बा नांगरावर जायचा. आम्हा पोरांना चटणी कोरडी. कढई चुलीवर चढायची ती सणाला किंवा लग्नकार्याला, उडदाच्या वड्यांसाठी. तळण म्हणजे आमच्याकडं सणाचं दुसरं नाव होतं.

तळलेला बटाटा मी पहिल्यांदा खाल्ला सुरगाण्याच्या आठवडे बाजारात. नऊ-दहा वर्षांचा असेन. बानं खुरासणी विकली होती. परत निघताना त्यानं रद्दीच्या कागदात दोन बटाट्याची भजी घेऊन दिली. तो कागद तेलानं पारदर्शक झाला होता. भजी संपल्यावर मी कागद चाटला, हे मला अजून आठवतं. घरी आल्यावर आईनं भाव विचारला आणि ती गप्प झाली. आपणच पिकवलेलं तेलबी विकून दुसऱ्याच्या तेलात तळलेलं विकत घेतलं, हा हिशेब तिला लगेच कळला होता.

बटाटा मुळात आपला नाहीच. त्याचं गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. डोंगरातल्या माणसांनीच तो हजारो वर्षांपूर्वी जंगली कंदातून माणसाळवला. रानटी बटाटाही कडूच असतो. घरचा बटाटा उन्हात हिरवा पडला तर तोही कडू आणि विषारी होतो, म्हणजे मूळ स्वभाव अजून गेलेला नाही. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांनी आणला, म्हणून आपण त्यांच्याच शब्दानं त्याला बटाटा म्हणतो. गंमत अशी, की तो शब्द पोर्तुगीजांचाही नव्हता. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणायचे. पुढं रताळ्याचं नाव बटाट्यालाही चिकटलं.

नावांची अशी घसरगुंडी आमच्या सीमेवर मी स्वतः अनुभवली. दहावीनंतर शिकायला पैसे नव्हते. गावातल्या टोळीबरोबर मी गणदेवीकडं ऊसतोडीला गेलो. एके दिवशी उपास होता म्हणून बाजारात रताळं मागायला गेलो. बाईनं जांभळ्या गराचं भलंमोठं कोनफळ पुढं ठेवलं. मी म्हटलं, "बेन, हे नाही, रताळू." ती म्हणाली, "भाई, आ ज रताळू छे." मी ज्याला रताळं म्हणतो त्याला ती शक्करिया म्हणत होती. दोघंही खरं बोलत होतो.

त्याच हंगामात सुट्टीच्या दिवशी सुरतेला गेलो. तिथं एका गाडीवर गर्दी होती. बघतो तर कोनफळाच्या गोल चकत्या, बेसनात बुडवलेल्या, वरून भरडलेली मिरी आणि धने दाबलेले, आणि कढईत सोडलेल्या. त्याला कंदपुरी म्हणतात. सुरतेची माणसं ती नावाजून खातात. मी एक प्लेट घेतली. चव झकास होती, पण घास घशाखाली उतरेना. आमच्या घरी हा कंद म्हणजे धान्य संपल्याची खूण, उकडून मिठाबरोबर खायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा नाही. इथं तोच कंद पैसे मोजून, हसत खात होते. फरक कंदात नव्हता, कढईत होता. ज्याच्या घरी रोज तेल, त्याच्या घरी कंद मेजवानी.

पुढं कामाच्या निमित्तानं बराच मुलुख बघितला आणि एक गोष्ट ध्यानात आली. तळलेला बटाटा कुठं कसा खातात, ते जिभेच्या आधी कामावरून ठरतं. मुंबईत तो पावात बसला. १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी वडापाव विकायला सुरुवात केली असं सांगतात. आजूबाजूला गिरण्या, पाळ्यांवर जाणारे कामगार, सुटणारी लोकल. ताट मांडून बसायला वेळ कुणाला? एका हातात मावेल, सांडणार नाही असं खाणं पाहिजे. म्हणून चटणीही लसणाची, कोरडी. नागपूरकडं बोंडा प्लेटमध्ये येतो, वर रस्सा असतो, म्हणजे टेकायला बाकडं पाहिजे आणि पाच मिनिटं पाहिजेत. कोकणात आणि गोव्यात बटाट्याचे काप करतात, रवा लावून तव्यावर थोड्या तेलात. ते रस्त्यावरचं खाणं नाही, ते घरात भात-आमटीच्या शेजारी वाढतात. ज्या दिवशी ताटात मासा नसतो, त्या दिवशी काप माशाची जागा भरून काढतात. पारशी लोक बटाट्याच्या काड्या तळून मटणावर घालतात, त्याला सली म्हणतात. गुजरातच्या वड्यात साखर-लिंबू असतं, कारण तिथल्या डाळीतही गूळ असतो. वडा घरच्या डाळीच्या वळणावर जातो.

हे आमच्या माणसांनी बसून शिकलेलं नाही, मजुरीला जाऊन शिकलेलं आहे. सुरगाण्याच्या माणसाला दोन वाटा. एक वणी-दिंडोरीवरून द्राक्षबागांकडं, दुसरी वासदा-धरमपूरवरून ऊस आणि कारखान्यांकडं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. डांग तिकडं गेला, आम्ही इकडं राहिलो. बोली दोन्हीकडं तीच, सोयरीक दोन्हीकडं तीच. २०२२ च्या अखेरीला रस्ते, पाणी, दवाखाना नाही म्हणून आमच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली. पेपरवाल्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. माझ्या घरची कढई कधीपासूनच दोन राज्यांत वाटलेली आहे.

वडापावची कोरडी चटणी मला खऱ्या अर्थानं कळली ती २०१८ मध्ये. वनजमिनीचे पट्टे नावावर व्हावेत म्हणून ६ मार्चला आम्ही नाशकातून पायी निघालो. बरोबर नागलीचं पीठ आणि तांदूळ होते. मुंबईत पोचल्यावर शेवटच्या रात्री झोपलो नाही. दिवसा मोर्चा निघाला तर दहावीच्या पोरांच्या परीक्षेला अडचण होईल, म्हणून रात्रीच चालत १२ तारखेला पहाटे आझाद मैदान गाठलं. वाटेत मुंबईची माणसं पाणी, बिस्किटं, चपला देत होती. एका पोरानं माझ्या हातात वडापाव ठेवला आणि म्हणाला, "काका, चालता चालता खा." मी खाल्ला. एक थेंब अंगावर सांडला नाही. वडापाव चालणाऱ्या माणसासाठीच केलेला आहे, हे पायाला फोड आल्यावर कळलं. पट्ट्यासाठी का चाललो होतो? जमीन नावावर असती, तिच्यावर पाणी असतं, तर माझी पोरं तीन चवी घेऊन घरी आली नसती.

यंदा मी बांधाला कोनफळाच्या दोन ओळी लावल्या होत्या. आता जंगलातून कडूकंद आणणारं घर गावात क्वचित सापडतं, आणि राखेत उकडायचं माहीत असणाऱ्या म्हाताऱ्या कमी होत चालल्या आहेत. पोरं आली तेव्हा शिल्लक ठेवलेल्या कोनफळाच्या चकत्या बायकोनं तळल्या. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर सुरतचं आहे." मी त्याला बांधावर नेऊन वेल कुठं होता ती जागा दाखवली.

रात्री आई नेहमीसारखी वड्याचं साल सोलत होती. या वेळी मी विचारलं, "आई, साल का काढतेस? चावत नाही का?"

"चावतं की," ती म्हणाली. "आत कंदच आहे, मला तेवढा पुरतो. तेल सगळं सालीत आहे."

आणि तिनं ती सालं उचलून धाकट्याच्या ताटात ठेवली. त्याची सकाळी सहाची गाडी होती, कामावर जायचं होतं.