गोहरबाईंवरील आरोप

कुंडलिकेच्या काठी कोलाडास एका स्नेह्यांकडे आम्ही पावसाळ्यातील दोन दिवस राहिलो असता, त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकण्याचा योग आला. बालगंधर्वांची तबकडी संपल्यावर गोहरबाई कर्नाटकींची लागली, तोच बैठकीतील एक वृद्ध गृहस्थ उठून ओसरीवर गेले. ‘या बाईने नारायणरावांचे वाटोळे केले,’ एवढेच ते बोलले. हे मत मराठी घरांतून इतके रूढ आहे, की त्याची शहानिशा करण्याचे सहसा कोणास सुचत नाही.

आमच्या मते या खटल्यात प्रथम सनावळीस साक्षीला बोलवावे. गंधर्व नाटक मंडळी निघाली 1913 साली. उंची शालू, अस्सल अत्तरे, भरजरी पडदे, साथीस तिरखवाँ आणि कादरबक्ष यांसारखे थोर वादक. असा तो दरबारी थाट होता, आणि हिशेब पाहण्याचे नारायणरावांस वावडे होते. 1921 साली, ज्या वर्षी केशवराव भोसल्यांसह त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केला, त्या सुमारासच कंपनी कर्जाच्या गर्तेत सापडली होती. ते कर्ज फेडता फेडता दशक उलटले, तो 1932 साली मराठी बोलपट अवतरला आणि प्रेक्षक तिकडे वळला. 1935 साली नारायणराव ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर दिसले, तेव्हा मंडळीचे जुने वैभव लयाला गेलेलेच होते. गोहरबाई त्यांच्या नाटकांत आल्या त्या त्यानंतर. घर जळून गेल्यावर आलेल्या पाहुण्यावर आग लावल्याचा आळ घ्यावा, तसा हा प्रकार आहे!

विजापूरकडील बिळगीची ही मुलगी. अमीरबाई कर्नाटकी ही तिची बहीण चित्रपटसंगीतात प्रसिद्धीस आली. गोहरबाईंनी मात्र गंधर्वगायकीचा ध्यास घेतला व ती हुबेहूब गळ्यात उतरवली. परंतु ती मुसलमान, आणि लक्ष्मीबाई हयात असता नारायणरावांच्या आयुष्यात आलेली. पुष्कळांच्या रोषाचे मूळ कर्जाच्या आकड्यांत नसून येथे आहे, हे मोकळेपणी कबूल केलेले बरे.

लक्ष्मीबाईंचे दुःख आम्ही लहान लेखीत नाही. उलट, ते फार आधी सुरू झाले होते असे आमचे म्हणणे आहे. 12 मार्च 1911 रोजी मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग व्हायचा होता, त्याच दिवशी नारायणरावांची कन्या वारली. तरीही ते भामिनीच्या वेषात उभे राहिले. ही कथा आपण आजवर रसिकनिष्ठेचा परमोत्कर्ष म्हणून सांगत आलो. त्या रात्री मुलीच्या आईने काय केले, हे सांगणारा आम्हांस अद्याप कोणी भेटला नाही. ज्या महाराष्ट्राने तो प्रयोग टाळ्या वाजवून घेतला, त्याला पुढे लक्ष्मीबाईंचा कैवार आठवला तो गोहरबाईंना दूषण देण्यापुरताच.

लक्ष्मीबाई 1940 साली निवर्तल्या. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1951 साली, नारायणराव व गोहरबाई यांचा विवाह झाला. तेव्हा नारायणराव त्रेसष्ट वर्षांचे होते. संपत्ती नव्हती, स्त्रीभूमिकेचे वय केव्हाच सरले होते. पुढे पक्षाघाताने त्यांचे पायही गेले. अशा पुरुषाकडून कोणता लाभ साधावयाचा होता, हे आरोप करणारांनी सांगावे. गोहरबाईंच्या हातून चुका झाल्याच नाहीत, असा आमचा दावा नाही. जुने सहकारी दुरावले आणि त्याचा दोष अनेकांनी त्यांच्या माथी मारला. पण पंगू झालेल्या नटसम्राटाच्या उशापायथ्याशी त्या होत्या. रसिकांपैकी किती होते?

1964 साली सरकारने नारायणरावांस पद्मभूषण दिले. त्याच वर्षी गोहरबाई वारल्या. नारायणराव त्यानंतर तीन वर्षे, 15 जुलै 1967 पर्यंत, पुण्यास जगले.