हरकती व सूचना : शासकीय जाहीर नोटीस कशी वाचावी, तिला उत्तर कसे द्यावे

वर्तमानपत्राच्या आतील पानावर, लहान टंकात, एखाद्या चौकटीत छापलेली शासकीय नोटीस बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" हे तीमधील वाक्य मात्र नागरिकाला आणि संस्थेला बोलण्याचा अधिकार देणारे असते, आणि तो अधिकार ठराविक दिवसांपुरताच असतो. देवस्थानची जागा, परिसरातील रस्ता, तळे, धर्मशाळा, मिळालेले अनुदान या सर्वांवर अशा नोटिशींचा परिणाम होऊ शकतो. मुदत टळल्यावर केलेला अर्ज कितीही न्याय्य असला तरी तो "मुदतबाह्य" या शेऱ्याखाली दप्तरी पडून राहतो. यास्तव विश्वस्त, सेवेकरी व भाविक यांच्या माहितीसाठी या विषयाची शक्य तितकी सुबोध मांडणी येथे केली आहे.

१. नोटिशीमागील कायदेशीर आधार

अनेक कायद्यांनी शासनावर असे बंधन घातले आहे की, नियम अंतिम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा. याची सर्वसाधारण पद्धत १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २३ मध्ये सांगितली आहे. त्यानुसार मसुद्यासोबत एक तारीख जाहीर करावी लागते. त्या तारखेस किंवा त्यानंतर मसुद्याचा विचार होतो, आणि तत्पूर्वी आलेल्या प्रत्येक हरकतीचा व सूचनेचा विचार करणे संबंधित प्राधिकरणास बंधनकारक असते.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये पूर्व-विधान विचारविनिमयाचे धोरण स्वीकारले. प्रस्तावित कायद्याची माहिती सोप्या भाषेतील टिपणासह किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. परंतु हे धोरण आहे, कायदा नव्हे. त्यामुळे त्याचे पालन सर्वत्र सारखे होत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याचे कलम ४ मात्र स्पष्ट आहे. महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत व बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे द्यावीत, असे ते सांगते.

२. देवस्थानांशी संबंध येणाऱ्या प्रमुख नोटिसा

(अ) राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादन. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३अ खाली अधिसूचना निघते. कलम ३क नुसार हरकतीची मुदत केवळ २१ दिवसांची आहे, आणि ती राजपत्रातील प्रसिद्धीपासून मोजली जाते. समजा अधिसूचना महिन्याच्या १ तारखेस राजपत्रात आली आणि तिचा गोषवारा वर्तमानपत्रात ९ तारखेस छापला गेला, तर हाती उरतात ते तेरा दिवस. तेवढ्यात विश्वस्त मंडळाची सभा, ठराव, नकाशा आणि उतारे ही सर्व कामे उरकावी लागतात. जमिनीच्या वापराविषयीची हरकत येथेच घ्यावी लागते, कारण सक्षम प्राधिकाऱ्याचा त्यावरील आदेश अंतिम मानला जातो. मोबदल्याचा प्रश्न नंतरच्या टप्प्यावर येतो. पुष्कळदा संस्था मोबदल्याच्या वाटाघाटीची वाट पाहत थांबतात आणि सभामंडप किंवा दीपमाळ वाचविण्याची वेळ निघून जाते.

(आ) अन्य सार्वजनिक कामांसाठी भूसंपादन. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांची मुदत आहे. हरकतदारास स्वतः, प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावी लागते. ही अधिसूचना परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील, प्रसिद्ध होते, आणि पंचायत अथवा नगरपालिका कार्यालयातही स्थानिक भाषेत लावली जाते.

(इ) नगररचनेचे आराखडे. मध्य प्रदेशातील १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली प्रारूप विकास योजनेवर ३० दिवसांत हरकती घेता येतात. ग्वाल्हेर व इंदूर येथील संस्थांनी हे ध्यानी ठेवावे. गुजरातमध्ये १९७६ च्या कायद्याखाली प्रारूप विकास आराखड्यासाठी दोन महिने मिळतात. बडोद्यास हाच कायदा लागू आहे. देवस्थानची जमीन नकाशावर कोणत्या रंगात दाखविली आहे, तिच्यावर आरक्षण पडले आहे काय, प्रदक्षिणेचा वा पालखीचा मार्ग रस्ता म्हणून दाखविला आहे काय, हे प्रत्यक्ष नकाशा पाहूनच कळते. नोटिशीच्या मजकुरात ते नसते.

(ई) पुरातत्त्वविषयक अधिसूचना. प्राचीन वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करण्यापूर्वी १९५८ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते, आणि तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते. घोषणा झाल्यावर २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित ठरते. वास्तूला संरक्षण मिळते हे खरे; पण भक्तनिवास, स्वयंपाकघर किंवा शेजारच्या कुटुंबांची घरे यांच्या बांधकामावर बंधनेही येतात. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण एकेका स्मारकासाठी वारसा उपविधींचे मसुदे काढते, त्यांवर हरकतींसाठी ३० दिवस दिले जातात. परिसरात केंद्र-संरक्षित स्मारक असेल, तर देवस्थान स्वतः संरक्षित नसले तरी हा मसुदा वाचणे अगत्याचे आहे.

(उ) पर्यावरणविषयक जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवसांची पूर्वसूचना एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. सुनावणीस गणपूर्तीची अट नाही. म्हणजे कोणी आले नाही तरी ती झालीच असे धरले जाते. तिचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. आपले म्हणणे त्यात नोंदले गेले की नाही, हे त्याच वेळी पाहून घ्यावे.

(ऊ) न्यासाच्या नोंदणीची चौकशी. मध्य प्रदेशच्या १९५१ च्या लोक न्यास कायद्यात नोंदणीपूर्व चौकशीची जाहीर सूचना देऊन हितसंबंधीयांकडून ६० दिवसांत हरकती मागविल्या जातात. एखाद्या मालमत्तेवर कोणी आपला न्यास म्हणून नोंदणी मागत असेल, तर जुन्या संस्थेस ते कळण्याचे पहिले साधन ही सूचनाच होय.

३. अनुदानाचा आढावा

अनुदानाच्या बाबतीत नोटिशीचे स्वरूप निराळे असते. येथे संस्थेला मत विचारले जात नाही. हिशेब विचारला जातो. केंद्र सरकारचे सहायक अनुदान २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार दिले जाते. त्यातील विश्वस्तांनी लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी अशा :

• ज्या कामासाठी अनुदान मिळाले त्याच कामावर ते खर्च झाले, असे दर्शविणारे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत सादर करावे लागते.
• त्याच कामासाठी अन्य मंत्रालयाकडून किंवा राज्य शासनाकडून अनुदान घेतलेले अथवा मागितलेले नाही, असे प्रमाणित करावे लागते.
• न वापरलेल्या रकमेवर मिळालेले व्याज संस्थेचे नसते. हिशेब अंतिम होताच ते शासनाच्या संचित निधीत भरावयाचे असते.
• पूर्णतः अथवा मुख्यतः अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीखेरीज विकता येत नाही, तारणही ठेवता येत नाही.
• संस्थेचे हिशेब मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास आणि लेखापरीक्षकांस तपासणीसाठी खुले ठेवावे लागतात.

एखाद्या वर्षी मिळालेले अनुदान किंवा कर्ज २५ लाख रुपयांहून कमी नसेल आणि ते संस्थेच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसेल, तर १९७१ च्या कायद्यानुसार नियंत्रक व महालेखापरीक्षक त्या संस्थेचे जमाखर्च तपासतात.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या सेवाभोज योजनेचे उदाहरण बोलके आहे. महाप्रसाद, लंगर, भंडारा यांसाठी घेतलेल्या ठराविक शिधासामग्रीवरील केंद्रीय वस्तू व सेवा कर परत देण्याची ती योजना होती, आणि महिन्याला किमान ५,००० लोकांना विनामूल्य अन्नदान ही तिची एक अट होती. अन्नदान अनेक ठिकाणी पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. पण किती पाने उठली याची नोंदवही आणि तूप, तांदूळ, डाळ यांची कर दाखविणारी बिले नसतील, तर आढाव्यात ते सिद्ध करता येत नाही. कोठीची वही ही भांडारी मंडळींपुरती कामचलाऊ वही नसून संस्थेचा पुरावा आहे, असे समजून ती ठेवावी.

४. भाषेचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजास ही अडचण विशेष जाणवते. नोटीस कधी हिंदीत, कधी कन्नडमध्ये, गुजरातीत अथवा इंग्रजीत येते, आणि "समजली नाही" ही सबब कायदा ऐकत नाही. येथे तीन आधार ध्यानात ठेवावेत.

पहिला, संविधानाचे कलम ३५०. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क ते प्रत्येक व्यक्तीस देते. केवळ मराठीत आहे म्हणून निवेदन नाकारले जात असेल, तर या कलमाकडे बोट दाखवावे. उत्तर मात्र मराठीतच मिळेल, अशी हमी या कलमात नाही. म्हणून मूळ मराठी निवेदनास राज्यभाषेतील किंवा इंग्रजीतील अनुवाद जोडणे शहाणपणाचे होय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज ही वेगळी बाब आहे. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेतच करावयाचा असतो.

दुसरा, भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेली संरक्षणे. जिल्हा अथवा त्याहून लहान प्रशासकीय घटकात १५ टक्के किंवा अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे त्यांत म्हटले आहे. यावर देखरेखीसाठी कलम ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे पद आहे; बेळगाव सीमाभागातील संस्थांना ते ठाऊक असणे उपयुक्त ठरते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा ठरविली असून शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली आहे.

तिसरा, न्यायालयाचा दृष्टिकोन. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, तेव्हा टाळेबंदी चालू होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत मसुद्याचा अनुवाद करण्यास सांगितले. देशभरातून लक्षावधी हरकती आल्या, आणि त्या मसुद्यास अंतिम स्वरूप मिळाले नाही.

५. निवेदनाचा आराखडा

परिणामकारक निवेदन लांब असावे लागत नाही. त्यात पुढील क्रम ठेवावा :

१) नोटिशीचा क्रमांक, दिनांक, काढणारे कार्यालय, आणि शेवटची तारीख.
२) संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, आणि या विषयात संस्थेचा संबंध काय.
३) मसुद्यातील नेमके कलम, गट क्रमांक किंवा नकाशावरील जागा.
४) हरकतीचे कारण, तथ्यांसह. "भाविकांच्या भावना दुखावतील" एवढ्यावर न थांबता यात्रेच्या दिवशीची गर्दी, पाण्याचा स्रोत, वास्तूचे वय, जुने उतारे हे मांडावे.
५) पर्याय. रस्ता कोणत्या बाजूने वळविता येईल, कोणता शब्द बदलावा, हे सुचविल्यास अधिकाऱ्यास विचार करणे सुलभ होते.
६) प्रत्यक्ष सुनावणीची स्पष्ट मागणी.
७) विश्वस्त मंडळाच्या ठरावाची प्रत व अधिकृत सही.

एकाच मजकुराच्या शेकडो प्रती पाठविण्यापेक्षा भाविकांनी, दुकानदारांनी, शेजाऱ्यांनी आपापली अडचण स्वतःच्या शब्दांत लिहिणे अधिक उपयोगी असते. निवेदन आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. टपालाने पाठवायचे झाल्यास स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी. रजिस्टर्ड पोस्टची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली आहे. ई-मेलने पाठविल्यास त्याची छापील प्रत धारिकेत लावावी.

६. त्यानंतर काय

हरकत विचारात घेणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे, हे आरंभीच समजून घेतलेले बरे. तथापि हरकत नोंदलेली असेल तर पुढील अपिलात किंवा न्यायालयात उभे राहण्यास पाया मिळतो, नोंदलीच नसेल तर "तेव्हा आपण कोठे होता?" हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ठरलेल्या काळात उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून आपल्या हरकतीवर काय अभिप्राय नोंदला गेला, त्याची प्रत मागावी. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे.

लोकांच्या हरकतींचे वजन किती असू शकते, हे गोव्याने पाहिले आहे. तेथील प्रादेशिक आराखडा २०११ हा व्यापक जनविरोधानंतर जानेवारी २००७ मध्ये शासनाने मागे घेतला. त्या वेळी ज्यांनी गावोगाव नकाशे उलगडून आपल्या डोंगरावर, शेतावर, देवराईवर कोणता रंग पडला आहे हे पाहिले, त्यांच्यामुळेच चर्चेला बळ आले.

७. संस्थेने लावून घ्यावयाची सवय

प्रत्येक देवस्थानने एका विश्वस्ताकडे किंवा जाणत्या सेवेकऱ्याकडे हे काम सोपवावे. आठवड्यातून एकदा स्थानिक दैनिकांतील जाहीर नोटिसा, नगरपालिका वा पंचायतीचा फलक, आणि केंद्राचे ई-राजपत्र पाहावे. २०१५ पासून केंद्रीय राजपत्राची छपाई बंद होऊन ते संगणकावरच उपलब्ध असते. नोटीस दिसताच तिची प्रत, प्रसिद्धीची तारीख आणि अखेरची तारीख एका स्वतंत्र वहीत नोंदवावी. तातडीच्या प्रसंगी सभेची वाट न पाहता मुदतीत प्राथमिक हरकत देता यावी, असा कायमचा ठराव विश्वस्त मंडळाने आधीच करून ठेवावा. मालमत्तेचे उतारे, जुन्या सनदा, नकाशे आणि लेखापरीक्षणाचे अहवाल यांच्या प्रती एकाच कपाटात असाव्यात.

पूर्वजांनी उभारलेली वास्तू आणि चालविलेली सेवा आपण विश्वस्त म्हणून सांभाळतो. ही जबाबदारी देव्हाऱ्यापुरती नसून दप्तरापर्यंतही पोहोचते. ज्या भाविकांच्या पाहण्यात आपल्या परिसराविषयीची एखादी नोटीस येईल, त्यांनी तिचे कात्रण त्वरित देवस्थानच्या कार्यालयात आणून द्यावे, ही नम्र विनंती.

— सचिव, विश्वस्त मंडळ