दिल्लीचे अनुदान आणि पवनेचे पाणी

नगराने स्वतःच्या मिळकतीतून खर्च करणे वेगळे आणि दुसऱ्याने देऊ केलेल्या द्रव्याचा विनियोग ठरविणे वेगळे. पहिल्या प्रकारात घरधनी आपली गरज पाहतो. दुसऱ्यात दात्याची इच्छा काय, हे आधी पाहावे लागते. पिंपरी-चिंचवडच्या गेल्या पन्नाससाठ वर्षांच्या इतिहासात हा भेद फार ठळकपणे उमटला आहे.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने माळरानांचे भूखंड पाडले, मोटारींचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले, आणि ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. ह्या नगराचे भाग्य जकातीत होते. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या मालावर नाक्यानाक्यावर कर जमे आणि तिजोरी भरून वाही. तेव्हा खर्चाचा निर्णय घरातल्या घरात होई. आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडावे, सोळा सभासदांच्या स्थायी समितीने त्यात कापाकाप व भर करावी, सर्वसाधारण सभेने मोहोर उठवावी. त्यात आपल्या प्रभागासाठी ओढाताण होई, वशिलाही चाले. पण ज्याच्यासाठी खर्च व्हावयाचा तो मतदार नगरसेवकाच्या दारात जाऊन चार शब्द सुनावू शके, ही गोष्ट लहान नव्हे.

३ डिसेंबर २००५ रोजी केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. पुण्याच्या नागरी समूहातील नगर म्हणून पिंपरी-चिंचवडला त्यात प्रवेश मिळाला. अशा नगरांतील पाणी, सांडपाणी, वाहतूक यांच्या कामांस निम्मा पैसा केंद्राचा, वीस टक्के राज्याचा आणि तीस टक्के नगराचा, असा हिशेब होता. सत्तर रुपये फुकट मिळत असता आपले तीस कोण वाचवील? मात्र ह्या दानास अटी होत्या. प्रथम नगर विकास आराखडा करावयाचा, मग प्रत्येक कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल, तो सभेने मान्य करावयाचा, राज्यामार्फत दिल्लीस पाठवावयाचा, आणि तेथील मंजुरी समितीने होकार द्यावयाचा. शिवाय द्विनोंदी हिशेब, पाणीपट्टीतून खर्चाची वसुली, लोकसहभागाचा कायदा अशा सुधारणांची हमीही लिहून द्यावी लागे.

ह्या पद्धतीत एक गोष्ट नकळत घडली. 'आम्हांस काय हवे' हा प्रश्न मागे पडून 'कशास पैसे मिळतील' हा प्रश्न पुढे आला. जे काम मोठे, ज्याचा अहवाल सल्लागारास सुबकपणे मांडता येईल, ते यादीत वर चढले. गरिबांच्या घरांचेच पाहा. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये झोपडपट्टीवासीयांसाठी सुमारे पावणेबारा हजार घरे योजिली गेली. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचे निषिद्ध क्षेत्र तेथपर्यंत येते, ह्या मुद्द्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि काम अडले. चिखलीस तेरा हजारांहून अधिक घरांची घोषणा झाली. पुढे तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आणावा लागला. दिल्लीच्या कागदावर भूखंड हा केवळ एक चौकोन असतो. त्याच्या शेजारी दारूगोळा आहे की नाही, हे स्थानिक माणसाला विचारावे लागते.

परंतु खरी कसोटी लागली ती पाण्याच्या योजनेत. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्राने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येई, तेथून उचलून निगडीस शुद्ध केले जाई. ह्याऐवजी धरणापासून निगडीपर्यंत सुमारे चौतीस किलोमीटर बंद नळ टाकावा, म्हणजे पाणी वाटेत मळणार नाही, गळणार नाही, उपशाची वीज वाचेल, असा विचार झाला. खर्च सुमारे चारशे कोटी. अभियंत्याच्या दृष्टीने योजना वाईट नव्हती, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. शिवाय २०११ च्या जनगणनेत नगराची वस्ती सतरा लाखांवर गेली होती आणि त्यांची तहान खोटी नव्हती.

पण नदीच्या दोन्ही तीरांवर मावळचा शेतकरी होता. पाणी नळात गेले की पात्र कोरडे पडेल आणि आपले उपसापंप व्यर्थ होतील, ही त्याची भीती. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी तर दशकानुदशके पडून होती. ह्या माणसास पिंपरीच्या सभेत मत नव्हते. तो नगराच्या हद्दीबाहेर राहत होता. लोकसहभागाची अट कागदावर होती, पण ती हद्दीतल्या लोकांपुरती. त्याला बोलावयास जागा उरली ती रस्त्यावर. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे हे तिघे मृत्युमुखी पडले. काम थांबविण्यात आले.

शेजारच्याच मुळशी खोऱ्यात १९२१ साली, टाटांच्या धरणाविरुद्ध, सेनापती बापट व भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मावळ्यांनी सत्याग्रह मांडला होता. तेव्हा मुंबईस वीज हवी होती, ह्या वेळी पिंपरीस पाणी. विचारावयाचे राहिले ते दोन्ही वेळी मावळ्यालाच.

पुढे अभियान संपले, २०१३ मध्ये नगराची जकात गेली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि जे नगर आपल्या बळावर उभे होते तेही आता राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर बरेचसे विसंबू लागले. त्याच २०१७ साली 'स्मार्ट सिटी'च्या यादीत नाव आले. पिंपळे गुरव व पिंपळे सौदागर हे भाग त्या कामासाठी निवडले गेले. हे भाग आधीच बरे वसलेले होते, असे कोणी म्हटले तर मला ते खोडून काढता येणार नाही.

नळाच्या कामावरील स्थगिती राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये उठविली. म्हणजे गोळीबारानंतर बारा वर्षे नगरास लागणारे पाणी पूर्वीप्रमाणेच पवनेच्या पात्रातून मावळच्या शेतांजवळून वाहत आले, आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले गेले.