फोटोतला कोट

आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे. काळा कोट, खिशाला घड्याळाची साखळी, मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा. लहानपणी आम्हाला वाटे, आजोबा बडे साहेब असणार. पुढे आजीने सांगितले, कोट स्टुडिओचा आणि साखळीही स्टुडिओचीच. आजोबा कापड गिरणीत कामाला होते.

स्टुडिओतला हा थाट मूळचा युरोपातला. १८४१ साली रिचर्ड बिअर्डने लंडनमध्ये स्टुडिओ काढला, तेव्हा फोटो ही पैसेवाल्यांची चैन होती. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचे पेटंट घेतले आणि भाव उतरले. १८६० साली मेयॉलने व्हिक्टोरिया राणी व तिच्या कुटुंबाचे असेच फोटो विक्रीला आणले. मग दुकानदाराच्या अल्बममध्ये राणीसाहेब आणि दुकानदारीणबाई एकाच मापाच्या झाल्या! खांब, पडदा, हातात पुस्तक सगळ्यांना सारखेच. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू असे, तोही सारखाच.

या गर्दीत हॅना कलविक वेगळी. १८३३ साली जन्मलेली, लहान वयातच घरकामाला लागलेली मोलकरीण. आर्थर मन्बी हा केंब्रिजला शिकलेला, कचेरीत नोकरी करणारा गृहस्थ. त्याने तिचे कितीतरी फोटो काढवून घेतले: मोलकरीण म्हणून, काजळी फासलेल्या धुराडेवाल्याच्या वेषात, आणि चक्क उंची पोशाखातली बाई म्हणूनही. कपडे बदलले की वर्ग बदलतो, हे ते फोटो उघड दाखवतात. हे वेष तिच्या हौसेचे की त्याच्या, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आम्हाला वाटते, हौस बरीचशी त्याचीच असावी. पण कामाने राठ झालेल्या आपल्या हातांचा तिला अभिमान होता, आणि तो तिने रोजनिशीत लिहून ठेवला आहे. १८७३ साली दोघांनी गुपचूप लग्न केले, तरी ती लोकांसमोर मोलकरीणच राहिली. १९१० साली मन्बी गेल्यावर त्याच्या मृत्युपत्रातून हे लग्न जगाला कळले.

आमच्या आजोबांचे उलटे. फोटोत त्यांचा उजवा हात पाठीमागे आहे. दोन बोटे गिरणीच्या यंत्रात गेली होती.

गरिबाला साहेब करता येते, तसे अधिक गरीबही करता येते. लंडनचे डॉ. बर्नार्डो अनाथ मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो विकून संस्थेसाठी पैसे जमवत. ‘आधी’च्या फोटोतल्या चिंध्या मुद्दाम केलेल्या, असा आरोप झाला. १८७७ साली प्रकरण लवादापुढे गेले आणि लवादाने या प्रथेला दोष दिला. मुलांना कोणी विचारले नव्हते.

आपल्या इंदूरचा संबंधही सांगायला हवा. लाला दीनदयाळ येथे बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करीत (आम्हा डिप्लोमावाल्यांना हे ऐकून बरे वाटते) आणि फोटोग्राफीकडे वळले ते याच गावात. पुढे हैदराबादेत निजामाने त्यांना राजा केले. पडद्यातल्या स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी वेगळा स्टुडिओ काढला, तेथे फोटो काढणारी बाईच होती.

यंदा गौरी-गणपतीच्या साफसफाईत जुने फोटो निघाले तर मागे पेन्सिलीने नाव, साल आणि कामधंदा लिहून ठेवा. कोट कोणाचा होता, तेही.