हौसेचे मोल



हल्ली आपल्यापैकी दोघी भेटल्या की भाजीच्या भावाआधी रोपांच्या भावाची गोष्ट निघते. गुलाबाचे कलम घ्या, जास्वंद घ्या, नाहीतर शोभेच्या पानांचे एखादे झाड घ्या. गेल्या वर्षीचा भाव यंदा नसतो. घरखर्चातून चार पैसे मागे टाकून बाग करणारीला हे फार जाणवते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण इतिहास वाचण्याची आवड जुनी. म्हणून झाडांच्या महागाईचा इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग या स्मरणिकेत आपणापुढे ठेवीत आहे. तो घडला हॉलंड देशात, १६३७ साली. आणि त्याचे कारण होते ट्यूलिपचे फूल.

ट्यूलिप मूळचे मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखातले. तुर्कांनी ते आपल्या बागांत वाढवले आणि सोळाव्या शतकात ते युरोपात पोचले. १५९३ साली क्लुसियस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॉलंडमधील लायडन विद्यापीठात आले. त्यांनी तेथील बागेत ट्यूलिपचे कांदे लावले. हो, कांदेच, आपल्या निशिगंधासारखे हे झाडही कांद्यापासून होते. ते आपले कांदे सहजासहजी कोणाला देत नसत, म्हणून लोकांनी ते बागेतून चोरून नेले असे सांगतात. चोरून आणलेले रोप चांगले लागते, असे आपल्याकडेही म्हणतातच की!

पुढे हॉलंडच्या व्यापाऱ्यांकडे पैसा आला आणि दारी ट्यूलिप असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. साध्या एकरंगी फुलांना फारसा भाव नव्हता. वेड होते ते पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीवर लाल-जांभळ्या ज्वाळा उठाव्यात तशा रेघांच्या फुलांचे. अशा जातींत ‘सेंपर ऑगस्टस’ ही जात सर्वांत दुर्मिळ. मौज अशी की या रेघा म्हणजे त्या झाडाचा रोग होता. आपल्या वालावर पडतो तसल्या माव्यामुळे एक विषाणू कांद्यात शिरतो आणि पाकळीचा रंग फुटतो. या रोगाचा उलगडा इंग्लंडमधील डोरोथी केली या संशोधक बाईंच्या प्रयोगांतून १९२८ साली होऊ लागला. हॉलंडच्या लोकांना त्या काळी यातले काहीच ठाऊक नव्हते.

भाव का चढला, याचे मूळ येथेच आहे. ट्यूलिपचे बी पेरले तर फूल यायला सहा-सात वर्षे लागतात, आणि बियांतून आईसारखे रेघांचे फूल येईलच असे नाही. हवी ती जात वाढवायची तर कांद्याच्या कुशीला येणारी पिल्लेच लावावी लागतात. रोगी कांद्याला पिल्लेही थोडीच येतात. म्हणजे जे जास्त सुंदर, तेच कमी वाढणारे. मागणारे हजार आणि कांदे मोजके, मग भाव चढेल नाहीतर काय!

कांदे जमिनीत लावायचे पावसाळा सरल्यावर आपण हिवाळी फुले लावतो त्या सुमारास, आणि काढायचे जूनमध्ये. पण १६३६ च्या हिवाळ्यात लोकांना तेवढा दम निघेना. कांदा जमिनीतच आणि त्याची विक्री मात्र खाणावळीत बसून कागदावर! एकाने दुसऱ्याला विकावा, दुसऱ्याने तिसऱ्याला. कांदा कोणी पाहिलेला नाही, पैसेही कोणी मोजलेले नाहीत. तेथील लोक या व्यवहाराला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. कांद्याचे वजनही सोनाराच्या बारीक वजनांनी सांगत.

त्या काळी कुशल कारागिराची वर्षाची मिळकत सुमारे ३०० गिल्डर असे. अल्कमार गावी वाउटर विंकेल नावाचा खाणावळवाला होता. मुलांसाठी त्याने मागे ठेवले होते ते ट्यूलिपचे कांदे. त्याच्या मृत्यूनंतर पोरक्या मुलांसाठी ५ फेब्रुवारी १६३७ रोजी त्या कांद्यांचा लिलाव झाला. एकूण बोली सुमारे ९०,००० गिल्डरवर गेली. ‘व्हाइसरॉय’ जातीच्या एका कांद्याला ४,२०३ गिल्डरची बोली लागली. म्हणजे कारागिराची चौदा वर्षांची कमाई एका कांद्यावर! आणि नवल हे की त्याच आठवड्यात हार्लेम शहरी कांदे विकायला काढले तर घेणारा कोणी पुढे येईना. बातमी गावोगाव पसरली आणि भाव एकदम कोसळले. ज्यांनी कबूल केले होते ते पैसे देईनात. अखेर १६३८ साली हार्लेमच्या कारभाऱ्यांनी ठरवले की शंभराला साडेतीन गिल्डर द्यावेत आणि सौद्यातून मोकळे व्हावे.

या प्रसंगाने सारा हॉलंड भिकेला लागला, लोकांनी कालव्यात जीव दिले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. १८४१ साली चार्ल्स मॅके यांनी आपल्या पुस्तकात हा प्रसंग रंगवला आणि तोच सगळीकडे गेला. परंतु अ‍ॅन गोल्डगार या विदुषींनी जुनी दप्तरे तपासून २००७ साली दाखवून दिले की हा व्यवहार थोड्याच सुखवस्तू लोकांत चालला होता आणि देशाचा कारभार काही बुडाला नाही. बुडाला तो लोकांचा एकमेकांच्या शब्दावरचा विश्वास. मला ही हानी लहान वाटत नाही.

हे वेड चारशे वर्षांपूर्वीचे म्हणून हसण्याजोगे नाही. करोनाच्या काळात घरी बसलेल्या लोकांना कुंड्यांची हौस लागली. जून २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये पांढऱ्या-हिरव्या पानांची एक वेल लिलावात २७,१०० डॉलरना, म्हणजे आपल्या सुमारे चौदा लाख रुपयांना गेली. तिला पाने होती आठ, आणि नववे उलगडू घातलेले! पानावरचा पांढरा पट्टा म्हणजे तेथे हिरवे द्रव्य नसते, म्हणून अशी वेल सावकाश वाढते. पुन्हा तेच, सुंदर आणि कमी वाढणारे.

या साऱ्यातून मला एक गोष्ट कळली. झाडाचा भाव चढतो तो ते थोड्यांच्याच हाती असते म्हणून, आणि उतरतो तो पुष्कळांच्या हाती गेले म्हणून. आज हॉलंडमध्ये ट्यूलिपचे कांदे कोट्यवधींनी निघतात. जळगावकडे केळीची रोपे तयार करतात त्याप्रमाणे काचेच्या बाटलीत ऊतीपासून रोपे होऊ लागली की हौशीचे झाडही स्वस्त होते.

आपल्या रोपवाटिकेतल्या महागाईची कारणे मात्र वेगळी आहेत. तेथे आपण कुंडी, माती, खत, मजुरी आणि दूरवरून येणाऱ्या ट्रकचे भाडे भरतो. कलम बांधणाऱ्याच्या हाताला कसब लागते; त्याचे पैसे देताना कुरकुर करू नये. पण जास्वंद, गुलबक्षी, मोगरा, मनीप्लांट, ओवा, गवती चहा यांसाठी पैसे मोजण्याचे कारण काय? ही झाडे फांदीने, बियाने, ठोंबाने आपोआप वाढतात. माझ्या आईने आयुष्यात कधी मोगरा विकत घेतला नाही, आणि तिच्या मोगऱ्याची रोपे निदान वीस घरांत गेली असतील. शेजारीण सहज फांदी देत असे, म्हणून तिची बाग फुलली. आज फ्लॅटची दारे बंद असतात, फांदी मागायला संकोच वाटतो, आणि तो संकोच आपण रोपवाटिकेत पैसे देऊन भरून काढतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी प्रत्येकीने आपल्या घरच्या झाडाचे एक मुळे धरलेले रोप वाण म्हणून द्यावे. फांद्या दिवाळीनंतर लागलीच लावून ठेवल्या तर संक्रांतीपर्यंत बहुतेक झाडे मूळ धरतात. ज्या भगिनीला तीनशे रुपयांचे रोप परवडत नाही, तिच्या खिडकीतही मग जास्वंद फुलेल, आणि तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. हॉलंडच्या लोकांनी ते मोल गिल्डरमध्ये मोजले. आपण ते एकमेकींना दिलेल्या फांद्यांनी मोजू या, एवढीच विनंती.